चव्वेचाळीसातून अठ्ठावन्न

स्वच्छतेच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या प्रयोगशाळेत नाही! दुसरं कुणी म्हणत नाही, म्हणून मीच सांगतो.

काम तसं सोपं. पोलादी डब्यातली सगळी हवा उपसायची, आत चिमूटभर वायू सोडायचा आणि त्याच्यावर जबरदस्त ताकदीचा प्रकाश मारायचा. त्या फटक्याने रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो. घरातून एकच जण जातो हो, पण मागे उरलेल्यांचं पटेनासं होतं आणि रेणू फुटतो. ज्या वजनाचा तुकडा, त्या आकड्यावर पडद्यावर एक सुळका उभा राहतो. आमचा कार्बन डायऑक्साइड चव्वेचाळीसचा. फुटला की अठ्ठावीस, सोळा, बारा. विषय संपला!

प्रकाशयंत्रावर आठ महिन्यांनी आमचा तीन दिवसांचा नंबर लागला होता. आणि माझं कंत्राट संपत होतं त्याच महिनाअखेरीला. आमच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, "यातून काही निघालं तर मुदतवाढीचं बघते. नाहीतर तुम्ही मोकळे."

पहिल्या दिवशी सकाळी वायूची नळी पुसायला गेलो, तर अ‍ॅसिटोनची बाटली ठणठणीत कोरडी! नवी हवी तर अर्ज करा, तीन सह्या आणा. कोण थांबतंय? घरी गेलो आणि बायकोची नेलपॉलिश काढायची बाटली उचलून आणली. तेही अ‍ॅसिटोनच की! नळी आतून-बाहेरून लख्ख केली. पुसल्यावर ती दिवसभर तापवून वाळवायची असा नियम आहे. पण दिवस मुळात तीनच! तशीच जोडून टाकली.

प्रकाश सोडला. अठ्ठावीस आला, सोळा आला, बारा आला... आणि अठ्ठावन्न!

मी डोळे चोळले. चव्वेचाळीसचा फोडला आणि तुकडा अठ्ठावन्नचा? म्हणजे बशी फुटली आणि आतून बादली निघाली!

"मॅडम! लवकर या!"

मॅडम धावत आल्या. पडदा बघून खुर्चीतच बसल्या.

"तुम्ही काही घोळ तर नाही ना घातलात?"

"मॅडम, नळी मी स्वतः पुसलीय!"

"मग प्रश्नच मिटला!" त्या म्हणाल्या. "चव्वेचाळीसला चौदाचा नायट्रोजन चिकटलाय! आजवर कुणी पाहिलं नसेल हे!"

दुपारपर्यंत सुळका खाली बसायला लागला. मॅडमचा चेहराही. नळीत घाण असणार, असं म्हणून मी ती पुन्हा पुसली, तर सुळका ताडमाड! संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वहीत लिहूनच टाकलं की या शोधाला स्वच्छता मानवते. पाच प्रयोगशाळांना ईमेलही धाडले.

तेवढ्यात बायकोचा फोन. "अहो, माझी बाटली तुम्ही नेलीत? बाहेर जायचंय मला! एका हाताची नखं लाल, दुसऱ्याची अर्धी!"

"अगं, विज्ञानासाठी जरा त्याग कर!"

"त्याग तुम्ही करा! येताना नवी आणा. दोन आणा!"

मी लगेच दोन आणल्या. दोन्ही प्रयोगशाळेत ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी तपासणी समितीचे अध्यक्ष आले. दर वाक्याआधी नाक ओढणारे वयस्कर गृहस्थ. ते येण्याआधी मी अख्खी बाटली नळीवर ओतली. सुळका पडद्याच्या छताला टेकला!

अध्यक्षांनी नाक ओढलं. "अठ्ठावन्न. बरं. आणि हे त्रेचाळीस न् पंधरा कसले?"

"ते किरकोळ आहेत, सर," मॅडम म्हणाल्या.

"त्रेचाळीस अधिक पंधरा किती?"

मॅडमनी कॅल्क्युलेटरकडे हात नेला!

"अठ्ठावन्न," मीच पुटपुटलो.

"म्हणजे तुमचा अठ्ठावन्नच फुटतोय! तो त्या कार्बन डायऑक्साइडमधून आलाच नाही. बाहेरून आलाय. हे तीन आकडे एकत्र दिसले की पहिल्या वर्षाचं पोरगंही ओळखतं, अ‍ॅसिटोन!" त्यांनी पुन्हा नाक ओढलं. "वाससुद्धा येतोय. गुलाबाचा."

मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, की धरणीमाय पोटात घेईल तर बरं असं झालं. मी सगळं कबूल केलं. तीन दिवस पाण्यात, आणि माझी नोकरीही. घरी येऊन बायकोला सांगितलं, "संपलं गं सगळं." खरंच रडू येत होतं.

महिनाअखेरीला लिफाफा मिळाला. तिथेच उघडला. मुदतवाढ! दोन वर्षांची! मी धावतच मॅडमकडे गेलो.

"मॅडम, हे कसं काय?"

"तुम्हाला काढायचं तर कारण लिहावं लागतं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "कारण लिहिलं की पहिला प्रश्न येतो, तीन दिवस शेजारी बसून पाच ईमेल कुणी पाठवले? जा आता."

बाहेर येऊन पत्र पुन्हा नीट वाचलं. मुदतवाढ खरीच होती. फक्त कामाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरीक्षण. दाराबाहेरून.'

दाराला काच आहे, नशीब माझं!