जागा धरलेली आहे

को सेंग हुआत यांनी कागदी रुमालांचं पुडकं टेबलावर ठेवलं, दोन बोटांनी ते बरोबर मध्यावर सरकवलं आणि निर्धास्त मनाने रांगेत जाऊन उभे राहिले. आमच्या सिंगापुरात असं पुडकं ठेवलेल्या टेबलाला मंत्रीही हात लावत नाही. घराला कुलूप घालायला विसरणारी माणसं आमच्यात सापडतील, पण जेवणाच्या टेबलावर पुडकं ठेवायला विसरणारा अजून जन्मायचा आहे. अडचण एवढीच, की हे बँकॉकचं यावराट होतं. वस्ती चिनी, पाट्या चिनी, देवळं चिनी. पण पुडक्याचा धर्म इथवर पोचलेला नव्हता.

त्यात घाई होती. दुपारी विमानतळाची गाडी येणार होती आणि त्याआधी आईला या दुकानातला हंस खायचा होता. सगळा प्रवासच त्यासाठी. आईची थोरली बहीण लग्न होऊन याच गल्लीत आली आणि मरेपर्यंत दर नववर्षाला फोनवर हिणवत राहिली, "हंस कशाला म्हणतात ते तुला काय कळणार!" आई आता ऐंशीच्या पुढे गेली होती. वर भेट झाल्यावर थोरलीला उत्तर द्यायचं, तर तयारी इथेच करायला हवी होती.

"टेबल धरून तू बस, आई," सेंग हुआत म्हणाले होते.

"मांडीचा तुकडा मी निवडणार. तुझी निवड मला ठाऊक आहे," असं म्हणून आईने सुनेकडे पाहिलं होतं.

सून गेक चू तडक दुकानाबाहेर पडली. समोरच्या फुटपाथवर एक लांबलचक रांग दिसली, तिकडे जाऊन ती उभी राहिली. रांग कशाची ते तिला माहीत नव्हतं. एवढी मोठी आहे, म्हणजे चांगलंच काहीतरी असणार.

इकडे सेंग हुआत यांचा नंबर आला. हंस कापणाऱ्याने सुरा उचलला. "टेबल?"

"ते काय, पुडकं ठेवलंय."

टेबलाशी एक जाडजूड गृहस्थ बसून पुडक्यातल्या रुमालाने मान पुसत होता.

"अहो, ती जागा माझी आहे! पुडकं दिसलं नाही का?"

"तुमचं होय? छान मऊ आहे हो," असं म्हणून त्याने उरलेलं पुडकं आदराने परत केलं.

"टेबल नाही, तर कापायचं नाही," कापणारा म्हणाला. "पुढचे या."

दुसरं टेबल रिकामं होताच सेंग हुआत यांनी त्यावर छत्री आडवी घातली. एवढी मोठी वस्तू कोणाला दिसणार नाही? ती विलाईला दिसली. विलाई ही मालकिणीची सून, अत्यंत प्रामाणिक बाई. छत्री घेऊन ती रस्त्यावर धावली, एका गोऱ्या पाहुण्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेली, त्याने नाही म्हटल्यावर धापा टाकत परत आली आणि छत्री तिने खिळ्याला टांगली.

"अहो बाई, ती माझी!"

"मग विसरता कशाला?"

"विसरलो नव्हतो. ठेवली होती."

"ठेवतात, म्हणूनच तर विसरतात," विलाई म्हणाली.

तोवर शेवटचा हंस आकड्यावरून खाली उतरला होता. सेंग हुआत यांनी मग शेवटचा उपाय केला.

"आई, या खुर्चीवर बस. काही झालं तरी हलायचं नाही."

"मी काय पुडकं आहे?"

"पाच मिनिटं गं!"

"मांडी आण. पंख आणलास तर याद राख."

रांग मुंगीच्या पावलांनी सरकली. "टेबल?" कापणाऱ्याने विचारलं.

"आहे!" सेंग हुआत छाती काढून म्हणाले. "तिथे आई ठेवलीय!"

सगळी रांग वळून पाहू लागली. टेबलाशी कॉलेजातली चार मुलं शेवया ओढत होती. आई नव्हती.

"बाई! माझी आई!" सेंग हुआत विलाईकडे धावले.

"ती आमा, ती आजीबाई, तुमची का? बिचारी एकटीच बसली होती. मला वाटलं, कुणीतरी विसरलं."

"आहे कुठे ती?"

"आत. विसरलेलं सगळं आम्ही नीट ठेवतो."

आत, चुलीजवळच्या स्टुलावर आई बसली होती. समोर विलाईची सासू होती आणि दोघींच्या मध्ये मांडीची चोखून पांढरी केलेली हाडं.

"बरा आहे," आई बोटं चाटत म्हणाली. "पण थोरली सांगायची तेवढा नाही. मीठ पुढे आहे."

"थोरली?" सासू म्हणाली. "ती रोज याच स्टुलावर बसून हेच म्हणायची. मीठ पुढे आहे."

आईने वाकून आपल्या खालच्या स्टुलाकडे पाहिलं. मग ती हसली. "लबाड कुठली!"

"आणि मला?" सेंग हुआत यांनी बाहेर डोकावून विचारलं.

"संपला," कापणारा म्हणाला.

गाडी आली तेव्हा गेक चू गाल धरून उभी होती. "दातांच्या डॉक्टरची रांग होती," ती म्हणाली. "पण नंबर आलाच होता, मग सोडायचा कशाला? एक दाढ काढून घेतली."

गाडीत बसल्यावर उपाशी सेंग हुआत यांनी कपाळाचा घाम पुसायला खिसे चाचपले.

"आई, पुडकं तुझ्याकडे दिलं होतं ना?"

"त्या स्टुलावर ठेवून आले."

"कशाला?"

"पुढच्या वर्षी यायचंय," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "विलाईला बजावलंय, हे विसरलेलं नाही म्हणून."