दरडोई ढाल

"हा तक्ता चूक आहे!" दशांशराव टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाले.

टीव्हीवर ऑलिम्पिकच्या पदकांचा तक्ता होता. तो चूक असल्याचं अख्ख्या जगात त्या क्षणी फक्त दशांशरावांना कळलं होतं, आणि ज्ञानाचा तो भार एकट्याने पेलणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं.

"अगं, पहिल्या देशाची पदकं सव्वाशे. पण माणसं किती? तेहेतीस कोटी! म्हणजे सव्वीस लाखांमागे एक पदक. आणि हे खालचं बेट बघ. पदकं दोनच, पण वस्ती जेमतेम लाखभर. पन्नास-साठ हजारांत एक! मग खरा पहिला नंबर कोणाचा?"

"अहो, या घरात माणसं दोन," बायको म्हणाली. "भांडी घासायला एक. त्याचाही करा एकदा भागाकार."

हा प्रश्न दशांशरावांनी विषयाला सोडून असल्यामुळे बाजूला ठेवला.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात आकडेवारी विभागाचे प्रमुख होते, आणि "किती वाजले?" असं विचारलं तरी दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देत, म्हणून सगळं कार्यालय त्यांना याच नावाने ओळखायचं. विभागप्रमुख म्हटलं की भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात त्या विभागात दोन माणसं होती. एक दशांशराव आणि दुसऱ्या काकू. काकूंच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना त्या "अरे"च म्हणत.

विभागाला तिसरा माणूस मिळावा म्हणून दशांशराव सहा वर्षं अर्ज करत होते. दर वर्षी नवा अर्ज, नवा तक्ता, नवा आलेख. दर वर्षी एकच शेरा: "पाहू."

पण माणूस मिळवायचा आणखी एक मार्ग होता. कार्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत जो विभाग सगळ्यात जास्त पदकं मिळवील त्याला ढाल मिळे, आणि ढालीबरोबर एक मागणी. मैदानावरच मागायची, आणि मोठ्या साहेबांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, मंजुरीची सही करायची! अशी या कार्यालयाची जुनी रीत होती. अडचण एवढीच की अकरा वर्षं ढाल दुरुस्ती विभागाकडेच होती. तिथे जमिनीतून लोखंडी पाइप मुळ्यासारखे उपटणारी एकशे अठरा माणसं होती. आकडेवारी विभागात काकूंचे गुडघे होते.

त्या रात्री दशांशरावांना झोप लागली ती हसऱ्या चेहऱ्याने.

*

"पदकं भागिले माणसं!" स्पर्धेच्या बैठकीत दशांशरावांनी जाहीर केलं आणि भिंतीवर तक्ता टांगला.

दुरुस्तीचे फोरमन उभे राहिले. ते उभे राहिले की खोलीतला उजेड कमी व्हायचा.

"म्हणजे आमची माणसं जास्त हा आमचा गुन्हा?"

"गुन्हा नाही, छेद आहे."

"मग रस्सीखेच एकटेच खेळा तुम्ही! एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला तुमचा तक्ता!"

सगळे हसले. पण मोठ्या साहेबांना आलेखांचं विलक्षण प्रेम होतं, आणि हा आलेख चार रंगांत होता. त्यांनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला, चष्मा काढून पाहिला.

"ऑलिम्पिकच्या धर्तीवर म्हणता? छान! या वर्षी ढाल दरडोई!"

दशांशराव जागेवर बसले तेव्हा त्यांची छाती बैठकीआधीच्या मापापेक्षा निदान पाच पूर्णांक पंचवीस शतांश टक्क्यांनी रुंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विभागात आले तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलांवर, खिडकीत, कपाटाला टेकून अकरा फिटर बसले होते. एकाच्या हातात काकूंच्या चहाचा कप होता.

"तुम्ही इथे कसे?"

"आजपासून आम्ही आकडेवारीत," त्यातला म्होरक्या म्हणाला. "फोरमनसाहेबांनी पाठवलंय. म्हणाले, दशांशरावांना माणसं हवी होती ना, घ्या म्हणावं!"

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे, एक मागितला होता, अकरा आले. अर्जात दशांश चिन्ह चुकलं की काय तुझं?"

दशांशरावांच्या कपाळावर घाम आला. तेरा माणसं! छेदात तेरा! सहा वर्षं ज्या माणसासाठी त्यांनी टाचा घासल्या, तो अकरा पटींनी दारात येऊन बसला होता आणि त्याला हाकलायची वेळ आली होती! त्यांनी हात जोडून, दार उघडं धरून, शेवटी चहा पाजून ते अकरा जण परत पाठवले. परत गेले ते मात्र दुरुस्तीत गेले नाहीत. फोरमन त्यांना आत घेईना. ते बिल विभागात गेले. बिल विभागाने त्यांना मीटर विभागाकडे ढकललं, आणि जाताना आपलेही चार कारकून बरोबर दिले.

आठवड्याभरात कार्यालयाचा रंगच पालटला. जो तो विभाग आपली माणसं दुसऱ्याच्या गळ्यात बांधू लागला. व्हरांड्यात माणसं स्वतःच्या खुर्च्या डोक्यावर घेऊन विभाग शोधत हिंडत. शेवटी बाजारपेठेच्या चौकात पाइप फुटला, पाणी दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत चढलं आणि फोन आला. फोरमन म्हणाले, "जोडणारी माणसं आता मीटरची आहेत, त्यांना विचारा." मीटरवाले म्हणाले, "ती तर बिलाची." बिलवाले म्हणाले, "आमच्याकडे सही करून कोणी आलेलं नाही!" अखेर मोठे साहेब स्वतः छत्री घेऊन चौकात गेले आणि गुडघाभर पाण्यातून परत आले ते थेट आकडेवारी विभागात. त्यांच्या बुटांतून फरशीवर धार लागली होती.

"दशांशराव, हे निस्तरा!"

दशांशरावांनी निस्तरलं. तसं परिपत्रक त्या कार्यालयाने आधी पाहिलं नव्हतं. एक तारखेच्या हजेरीपटावर जो ज्या विभागात असेल, तो त्याच विभागात धरला जाईल. त्यात कोणत्याही कारणाने बदल होणार नाही. परिपत्रक टंकलेखनाला जाणार इतक्यात बिल विभागाच्या प्रमुखबाई धावत आल्या.

"अहो, माझ्याकडे सहा जणी अर्धा दिवसच येतात. त्यांना अख्ख्या कशा धरता?"

रास्त होतं. दशांशराव हिशेबाला पक्के आणि मनाने न्यायी. त्यांनी शेवटी एक ओळ घातली: "जो कर्मचारी पूर्णवेळ नसेल, तो त्याच्या कामाच्या वेळेच्या प्रमाणात मोजावा." खाली सही केली. सहीखाली रेघ मारली. रेघेखाली आणखी एक रेघ मारली.

*

स्पर्धा सोमवारी होती.

दशांशरावांची योजना अगदी सोपी होती. माणसं दोन. एक पदक मिळालं की दरडोई अर्धं. दुरुस्तीने तीस-एकतीस पदकं लुटली तरी त्यांचा भागाकार पाव पदकाच्या आसपासच रेंगाळणार. तेव्हा हवं होतं फक्त एक पदक, आणि त्यासाठी दशांशरावांनी स्पर्धा निवडली होती पंचेचाळिशीवरच्यांच्या चालण्याच्या शर्यतीची. ते गेली वीस वर्षं घर ते कार्यालय चालत येत होते. रोज दोन हजार तीनशे चाळीस पावलं. मोजलेली!

शर्यत पुकारली गेली. दशांशराव पांढऱ्या बुटांत रेघेवर जाऊन उभे राहिले. शेजारी मीटर वाचणारा एक वाळका गृहस्थ येऊन उभा राहिला. तो दिवसभर गल्लोगल्ली चालूनच पोट भरत असल्यामुळे पहिला नंबर त्याचा, हे दशांशरावांना मान्य होतं. पण बाकीचे कुठे होते? दुरुस्तीची चार नावं होती, बिलाची दोन!

"आमच्या चौघांनी नाव मागे घेतलं," फोरमन मैदानाच्या कडेला शेंगदाणे खात म्हणाले. "पोटात दुखतंय सगळ्यांच्या. बिलवाल्यांच्याही दुखतंय म्हणे. आणि दशांशराव, नियम आहे ना? तीनपेक्षा कमी खेळाडू असतील तर शर्यत रद्द!"

चौघंही फोरमनच्या शेजारीच बसून शेंगदाणे खात होते.

दशांशरावांनी काकूंकडे पाहिलं.

"माझ्या गुडघ्यांकडे बघूसुद्धा नकोस," काकू म्हणाल्या.

पंच शिट्टी तोंडाकडे नेत होते. सहा वर्षांचे अर्ज, आलेख, चार रंग, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. आणि तेवढ्यात दशांशरावांना कुंपणापाशी झारी घेऊन उभे असलेले माळीकाका दिसले. कार्यालयाची बाग तेच सांभाळत. वय साठीच्या घरात, अंगाने काटकुळे, बोलणं त्याहून कमी.

"माळीकाका! इकडे या! फक्त चालायचंय!"

"कुठवर?"

"मैदानाला चार फेऱ्या!"

"झारी घेऊन?"

"झारी ठेवा हो! लवकर!"

माळीकाकांनी झारी ठेवली, रेघेवर येऊन उभे राहिले आणि शिट्टी वाजली. फोरमनच्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला.

मीटरवाला निघाला तो दिसेनासाच झाला. दशांशराव कोपर हलवत, ओठ घट्ट मिटून, पावलं मोजत निघाले. माळीकाका मागून येत होते. दुसऱ्या फेरीत त्यांनी वाटेतलं तण उपटलं. तिसऱ्या फेरीत एक रोपटं सरळ केलं. दशांशराव घामाघूम होऊन दुसरे आले. माळीकाका पाच मिनिटांनी तिसरे आले आणि विचारलं, "आता पाणी घालू का?"

"घाला, घाला! हवं तेवढं घाला!" दशांशरावांनी त्यांना मिठी मारली. गळ्यात रुपेरी पदक होतं. एक भागिले दोन! शून्य पूर्णांक पन्नास शतांश! माणूस मिळाला! त्याचं टेबल खिडकीशी ठेवायचं की कपाटाशी, एवढाच प्रश्न आता उरला होता.

*

निकालाचं टेबल मांडवात होतं. भागाकार करायचा मान अर्थातच दशांशरावांचा. काकू शेजारी बसून नावं वाचत होत्या आणि फोरमन मागे उभे राहून मानेवर श्वास सोडत होते.

"दुरुस्ती. माणसं एकशे अठरा, पदकं एकतीस."

"शून्य पूर्णांक सव्वीस!"

"मीटर. चाळीस, बारा."

"शून्य पूर्णांक तीस!"

"बिल. चोवीस अख्ख्या, सहा अर्ध्या. पदकं नऊ."

"सत्तावीसने भागा... शून्य पूर्णांक तेहेतीस!"

"आकडेवारी. दोन, एक."

"पन्नास!" दशांशरावांचा आवाज चिरकला.

"थांब," काकू म्हणाल्या. "अरे, एक राहिला. बाग."

"बाग?"

"हजेरीपटावर वेगळा विभाग आहे. माणूस एक. कांस्यपदक एक."

दशांशराव दचकले. एक भागिले एक, म्हणजे एक! अर्ध्याच्या दुप्पट! त्यांनी घाईघाईने हजेरीपट ओढून घेतला, आणि त्यांना अंधुक आशा दिसली. "माळीकाका पूर्णवेळ नाहीत! आठवड्यातून एकदाच येतात, सोमवारी! ते अख्खे धरताच येणार नाहीत!"

"खरंच की," काकू म्हणाल्या. "सहा दिवसांतला एक. म्हणजे एक षष्ठांश माणूस. आता एक पदक भागिले एक षष्ठांश कर."

दशांशरावांची पेन्सिल थांबली.

"लिहा की!" फोरमन मागून गोड आवाजात म्हणाले. "छेद आहे, गुन्हा नाही!"

क्षणभर दशांशरावांच्या मनात आलं, एक षष्ठांशाने भागण्याऐवजी नुसतं एक षष्ठांशच लिहून टाकावं. कोणाला कळणार होतं? फोरमनला भागाकार येत नव्हता. पण परिपत्रक समोर होतं, त्यावर सही होती, सहीखाली दोन रेघा होत्या. आणि वीस वर्षांत त्यांनी चुकीचा आकडा कधी लिहिला नव्हता. त्यांनी सहा लिहिलं. मग सवयीने पुढे शून्य शून्यही लिहिलं.

"बाग विभाग," मोठ्या साहेबांनी वाचलं. "दरडोई पदकं सहा पूर्णांक शून्य शून्य. सहा? यांच्या गळ्यात तर एकच दिसतंय!"

"दरडोई, साहेब," दशांशराव क्षीण आवाजात म्हणाले.

"डोईही एकच दिसते आहे."

"तीही पूर्ण नाही, साहेब."

साहेबांना ते समजलं नाही, पण तक्ता चार रंगांत होता. त्यांनी ढाल माळीकाकांच्या हातात दिली, सहीचं पेन उघडलं आणि म्हणाले, "मागा!"

माळीकाकांनी ढाल उलटसुलट करून पाहिली. पाणी धरील का हे पाहत असावेत. मग म्हणाले, "एक माणूस द्या. झारी जड होते आता."

"मंजूर!" साहेबांनी सही ठोकली. "पण माणूस आणायचा कुठून?"

"साहेब," फोरमन पुढे सरसावले, "कमी माणसांत जास्त यश, हे या वर्षी सिद्धच झालंय. ज्यांनी सिद्ध केलं त्यांच्याकडे दोघं आहेत. सोमवारपुरता एक सहज निघेल."

"वा!" साहेब दशांशरावांकडे वळले. "तुमच्याच आलेखावरून दिसतंय हो!"

दशांशरावांनी काकूंकडे पाहिलं.

"गुडघे," काकू म्हणाल्या.

घरी पोहोचल्यावर बायकोने दार उघडलं. गळ्यातलं पदक पाहून तिचा चेहरा उजळला.

"जिंकलात? मिळाला माणूस?"

"आकडेवारी विभागात," दशांशराव पदक काढत म्हणाले, "आता एक पूर्णांक त्र्याऐंशी शतांश माणसं आहेत."

बायकोने थोडा विचार केला. "आधी दोन होती ना? म्हणजे मिळाला की गेला?"

"एक षष्ठांश गेला."

"कोणाचा?"

"माझा," दशांशराव म्हणाले, आणि चिखलात घालता येतील असे जुने बूट शोधायला पलंगाखाली शिरले.