कोहळ्याशी भांडणारे उकंडाजी

माणसं बायकोशी भांडतात, भावाशी भांडतात, एसटीच्या कंडक्टरशी भांडतात. आमचे उकंडाजी कोहळ्याशी भांडायचे. कोहळं म्हणजे लाल भोपळा. आमच्या वऱ्हाडात त्याला भोपळा म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा.

आमच्या बीबी गावचा आठवडी बाजार भरला, की आमच्या कापडाच्या दुकानासमोर लिंबाच्या झाडाखाली उकंडाजींचं पोतं पसरलं जायचं. पोत्यावर वांगी, हिरव्या मिरच्या, मेथीच्या जुड्या. आणि शेजारच्या मोकळ्या जागेत, मधोमध, सभापतीच्या थाटात बसलेलं ते एकटं कोहळं. गोल गरगरीत, पोटावर एक हिरवा डाग. मिरच्या तोलता तोलता उकंडाजी एकदम तिकडं वळत आणि खेकसत, "सरक बे तिकडं! माह्या मालावर सावली पाडू राह्यला!"

कोहळं अर्थातच सरकत नसे.

"पाहा, पाहा! किती मुजोर हाये! बोलाले तोंड नाही, पण ऐट पाहा!"

नवं गिऱ्हाईक दचकून मिरच्या परत ठेवी. जुनं गिऱ्हाईक मात्र शांतपणे विचारी, "आज काय केलं त्यानं?" मग उकंडाजी अगदी सविस्तर तक्रार सांगत. आणि गंमत पाहा, ऊन चढलं, की हेच उकंडाजी डोक्याचा फेटा सोडून त्या मुजोराला पांघरूण घालायचे. स्वतःचं टक्कल तापत राही. भाजीवर पाणी शिंपडायचं, तर पहिला शिपका कोहळ्यावर. शिपका मारून झाला, की पुन्हा शिवी.

ते कोहळं विकत घ्यायला कोणी आलं, तर मी गिऱ्हाइकाला कापड दाखवणं सोडून दुकानाच्या पायरीवर येऊन बसत असे. एकदा लग्नघरचा बाजार करायला आलेल्या एका बाईनं कोहळ्यावर टिचकी मारली.

"केवढ्याले दिलं, भाऊ?"

"हात काढा, बाई. ते इकाचं नाही."

"इकाचं नाही तं बाजारात काऊन आनलं? हवा खायाले?"

"त्याचा निकाल लागाचा हाये."

"कशाचा निकाल?"

"मालकीचा!"

बाईनं एकदा कोहळ्याकडं पाहिलं, एकदा उकंडाजींच्या तापलेल्या टकलाकडं पाहिलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "याह्यच्या घरी कोनाले तरी सांगा हो. ऊन लागलं याह्यले."

घरी सांगायला कोणी नव्हतं. उकंडाजी एकटेच. पण वेडे मुळीच नव्हते. त्या कोहळ्याचं प्रकरण खरोखरच चालू होतं, आणि त्यातला दुसरा पक्ष म्हणजे दौलत.

दौलत त्यांचा दुहेरी शेजारी. वावराला वावर लागून आणि बाजारात पोत्याला पोतं लागून. दोघांमधलं प्रेम असं, की एकानं मेथी आणली की दुसऱ्यानं तिला गवत म्हणायचं. त्या साली दौलतच्या कोहळ्याचा वेल धुरा, म्हणजे दोघांच्या वावरांमधला बांध, ओलांडून इकडं आला आणि उकंडाजींच्या जमिनीवर त्याला हे फळ धरलं. दौलत म्हणे, "मूळ माहं, फळ माहं." उकंडाजी म्हणत, "जमीन माही, पानी माहं, अन् कोहळं तुहं? मी काय त्याले फुकट मांडीवर बसवलं?" दर बाजारी पुरावा म्हणून कोहळं हजर केलं जाई. अर्धा बाजार मुळाच्या बाजूनं, अर्धा जमिनीच्या. चहावाल्याची त्या दिवसांत चांदी झाली.

ऐन रंगात दौलत बैलगाडीवरून पडला आणि त्याचं मांडीचं हाड मोडलं. जावयानं त्याला अकोल्याला नेलं. दिवस गेले, निरोप नाही. कोणी म्हणे जावयाकडंच राहणार, कोणी म्हणे आता कसला उठतो.

आमच्या बाजाराचा एक रिवाज होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. बाजाराच्या दिवशी ज्याच्या जागेवर माल नाही, त्याची जागा गेली. लिंबाखालच्या त्या सावलीवर एका कांदेवाल्याचा डोळा होताच. तो टोपली घेऊन आला तर पाहतो काय, दौलतच्या जागेवर कोहळं!

"हे काय, उकंडाजी?"

"माल हाये. दौलतचं दुकान चालू हाये."

"दौलत कुठी हाये?"

"मुतायले गेला."

दौलत असा तीन महिने लघवीला गेलेला होता.

आता खरं सांगायचं, तर आम्हा दुकानदारांचा उकंडाजींवर काडीचा विश्वास नव्हता. कारण त्यांचं पोतं दर बाजारी बोटभर दौलतच्या जागेत सरकत होतं. आम्ही एकमेकांना डोळे मारायचो. म्हातारा हळूहळू जागा गिळतोय, आणि वर कोहळ्याचं नाटक!

तेवढ्यात ग्रामसेवक आले. महाराष्ट्र नवा, पंचायत नवी आणि ग्रामसेवक तर अगदीच कोरे. पुण्याकडचे. त्यांनी चुन्याच्या रेघा मारून बाजार आखायला घेतला. ज्याची जागा त्याच्या नावावर. फिरत फिरत ते कोहळ्यापाशी थांबले.

"हा भोपळा कोणाचा?"

"दौलतचा. म्हंजे, निकाल लागला तं."

"हा दौलत कुठं आहे?"

"वाटंवर हाये, साहेब."

"मागच्या आठवड्यातही वाटेवरच होता म्हणे?"

"अकोला लांब हाये, साहेब."

ग्रामसेवकांनी चष्मा पुसला. "हे पाहा, जागा माल विकणाऱ्याला मिळेल. नुसता मांडून ठेवणाऱ्याला नाही. पुढच्या बाजारी दौलतनं स्वतः काही विकलेलं दिसलं नाही, तर ही जागा कांदेवाल्याच्या नावावर करतो."

ते गेल्यावर उकंडाजी कोहळ्याशी भांडले नाहीत. पहिल्यांदाच. मी जवळ जाऊन म्हटलं, "उकंडाजी, दौलतची जागा गेली तर तुमचं काय बिघडलं? कांदेवाला गरीब माणूस आहे."

"हाव, लई गरीब हाये," ते तोंड वाकडं करून म्हणाले. "मी मघाशी त्याच्या कांद्याले सडका म्हनलं, तं मले म्हने, बरोबर हाये दादा. सांगा, अशा मानसाबरोबर दिवस कसा काढाचा?"

पुढच्या बाजारी उकंडाजींनी कोहळं धुऊन, पुसून, तेलाचं बोट लावून आणलं होतं. ग्रामसेवक आले. कांदेवाला टोपली घेऊन रेघेवर उभा राहिला. आणि कोणाचा तरी निरोप पोचला असावा, एसटीतून, काठी टेकत, जावयाच्या खांद्यावर भार टाकत दौलत उतरला. अर्धा झाला होता. हात रिकामे. वावरात त्याचं पाऊल पडलं नव्हतं, तर माल कुठून आणणार?

लिंबाखाली येऊन तो उभा राहिला. उकंडाजींना रामराम नाही, काही नाही. काठीनं त्यानं पोत्याची कड दाखवली.

"उकंड्या, तुहं पोतं माह्या जागेत काऊन आलं बे?"

उकंडाजींचा चेहरा असा उजळला, की मी जन्मात विसरणार नाही. "आलं तं आलं! किती दिवसापासून सरकवू राह्यलो, कोनी हटकत नव्हतं!"

ग्रामसेवक खाकरले. "दौलत, तुमचा माल कुठं आहे?"

दौलतनं मान खाली घातली. उकंडाजी उठले, दोन्ही हातांनी कोहळं उचललं आणि दौलतच्या पुढ्यात ठेवलं.

"हा काय याचा माल. मूळ याचं व्हतं, साहेब. सगळ्यायनं ऐका, निकाल लागला."

दौलत चवताळला. "कोनं लावला निकाल? लागलं कोनाच्या जमिनीत? पानी कोनाचं? तुहं हाये ते!"

"तुहं हाये म्हनतो ना!"

"मले भीक देतं का बे?"

"भीक? अबे, तुह्या कोहळ्याले सांभाळता सांभाळता माहं टक्कल भाजलं!"

शेवटी ग्रामसेवकांनीच हात जोडले. "तुम्ही कोणीही विका, पण हे कोहळं मला द्या!" पुण्याच्या माणसाच्या तोंडून 'कोहळं' ऐकून बाजार हसला. दौलतनं भाव सांगितला. उकंडाजी मागून ओरडले, "एवढ्या स्वस्तात? अक्कल अकोल्याले ठेवून आला काय?"

ग्रामसेवक कोहळं पोटाशी धरून गेले आणि कांदेवाला रेघ सोडून दुसरीकडं वळला.

दौलतला खाली बसवेना. मांडी वळत नव्हती. उकंडाजींनी आपली वांगी, मिरच्या जमिनीवर लोटल्या, पोतं झटकलं, चार घड्या घातल्या आणि त्याच्या खाली सरकवलं. स्वतः मातीतच बसले.

"ध्यानात ठेव," ते दुसरीकडं पाहत म्हणाले, "पोतं माहं हाये."

"हाव," दौलत म्हणाला. "अन् तू माह्या जागेत बसला हायेस."

उकंडाजी सरकले नाहीत.