आऊसाहेबांच्या गळ्यातील गढी आणि राहुकाळ

श्री. जेथून हाक निघते त्या गळ्यास आधी दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एके राज्यी आऊसाहेब राज्य करीत होत्या. हाक ऐसी की सदरेवरून "सगुणे, केस विंचर!" म्हणताच पागेतले घोडे कान टवकारीत, आणि राजकन्या सगुणाबाई मात्र ढिम्म. आणि त्याच गळ्यात कर्करोग नामे गनीम शिरला आणि गढी बांधून बैसला. शस्त्रवैद्य बोलिले, "गढी कापितो, परंतु हाक जाईल." आऊसाहेब बोलिल्या, "मग राहिले काय माझे?" मग किरणांचा तोफखाना लाविला. रोज तट फुटे, आणि तोफ निवाली की गनिमाचे गवंडी चुना कालवून तट पुन्हा उभा करीत.

मग वैद्य गोदूबाई मुजरा करून बोलिल्या, "माझे औषध लढत नाही. ते आत शिरून गवंड्यांचा चुना नासविते, मग पडले ते पडलेच. मात्र औषध आधी, तोफ मागाहून." सर्वांनी माना डोलाविल्या, आणि पहिल्याच दिवशी कारभारी तिमाजीपंतांनी औषधाची वाटी अडविली! "राहुकाळ आहे. तोफ रोजचीच, चालू द्या. नवे कार्य आत्ता आरंभू नये." मग तोफ उडाली, गवंड्यांनी तट बांधिला, आणि मग वाटी आली. गोदूबाई कडाडल्या, "पंत, गनिमास राहुकाळ कळविला होता काय?" तेव्हा आऊसाहेब बसक्या आवाजे बोलिल्या, "गळा माझा, मुहूर्तही माझा. उद्यापासून वाटी आधी."

तैसेच चालिले, आणि पडले तट उठेनात. परंतु चुना थोडा गळ्यातील आपल्या निरोगी रयतेचाही नासला, तोफेची धग तिलाही लागली, पेजेचा घोट उतरेना आणि हाक पार नाहीशी जाहली. सगुणाबाई बोलिल्या, "हीच वाचवायची होती ना?" गोदूबाई बोलिल्या, "येईल असे वाटते. वचन देत नाही, बाळ." मग सगुणाबाई रोज वेणी घालून पुढे बसत, आणि कोणीच ओरडेना, ते फार वाईट.

मग तोफा थांबून बरेच दिवस जाहल्यावर एके सकाळी सगुणाबाई मुद्दाम केस पिंजारून सदरेवर आल्या. आऊसाहेबांनी डोळे वटारिले, आणि गंजल्या बिजागरीसारखा आवाज निघाला, "सगुणे... विंचर." घोड्यांना ऐकू गेले नाही. सगुणाबाईंना गेले. पंतांनी पंचांग पाहिले, तो ऐन राहुकाळ. गपचूप मिटिले.

एवं गढी पडली. गनीम गेला की दडला, हे वैद्य अजून पाहत आहेत. हाक लहान जाहली, परंतु घरात पुरते. जाहले तितुके लिहिले.