शौकतभाईंचा एक पॉइंट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: तो बॉल खांबाच्या आतूनच गेला होता.

पण आधी शौकतभाई. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या आमच्या सिरॅमिक कारखान्याचे स्टोअरकीपर, गाव रत्नागिरीजवळ, वजन नव्वद किलो. आयुष्यात बॉलला पाय लावला नाही, आणि इथल्या शाळांत शिकवायला आलेल्या आयरिश मास्तरांच्या गेलिक फुटबॉल टीमचे तीन वर्षं मॅनेजर होते.

मास्तर मंडळी कारखान्यामागच्या मैदानात खेळायची. एक बॉल शौकतभाईंनी वाळत घातलेल्या बोंबलांवर पडला. हे भांडायला गेले, ते अंधार पडेपर्यंत ओरडत राहिले, "लेफ्ट में कौन खडा रहेगा, मेरा मामू?" मास्तरांना हिंदी येत नव्हती. शौकतभाईंना त्याची अडचण नव्हती. पुढच्याच आठवड्यात जुना मॅनेजर मायदेशी परतला आणि यांनी शिट्टी उचलली.

या खेळात बॉल हातानेही चालतो. आडव्या दांडीवरून गेला तर एक पॉइंट, खालून जाळीत गेला तर तीन. शौकतभाईंचा तीनवर विश्वास नव्हता. "वन बाय वन, हबीबी! स्टोअर से माल निकलता है वैसा." शॉन नावाचा सहा फुटी कॅप्टन गोल मारून आला, की हे मालाची मागणीचिठ्ठी मागावी तसं विचारणार, "रिक्विझिशन कुठाय?" हाफ-टाइमला सगळ्यांना कोकम सरबत. न पिणारा बाहेर बसणार.

फायनलला अम्पायर कमी पडला. पांढरा कोट घालून खांबाशी उभं राहायचं, पॉइंट झाला की पांढरा झेंडा हलवायचा. शौकतभाईंनी मला पुढे ढकललं आणि दोन्ही टीमसमोर जाहीर केलं, "देसाई इज अवर मॅन! टुडे हिज हँड विल पेन!"

सगळे हसले. मला ते लागलं.

शेवटच्या मिनिटाला आपली टीम एका पॉइंटने मागे. शॉनने मारला. बॉल दांडीवरून, माझ्या खांबाच्या चांगला हातभर आतून गेला. माझ्या डोक्यात एकच: आता झेंडा हलवला तर म्हणतील, अवर मॅन. प्रामाणिक दिसावं म्हणून मी डोक्यावर हातांची फुली केली. वाइड. खलास.

पोरं माझ्या अंगावर धावली. शौकतभाई मध्ये पडले. "यल्ला, बॅक! देसाई नेव्हर टेल लाय!"

पुढच्या मोसमात टीमने शौकतभाईंच्या जागी दुबईहून एक शिकलेला मॅनेजर आणला.

तेव्हापासून शौकतभाई दर शनिवारी आमच्याकडे चहाला येतात. त्यांची बायको-मुलगी रत्नागिरीला; शनिवारी त्यांना माणसं म्हणजे ती पोरंच होती. शॉनच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, हे अजून मला सांगतात. मग टेबलावर बिस्किटांची टीम मांडतात आणि वेलदोड्याचा बॉल सरकवतात.

"इंचभरच बाहेर गेला ना, देसाई?"

"इंचभर," मी म्हणतो.

"चूक माझीच. शॉनला उजवीकडे उभा करायला हवा होता."

मग बिस्किटं डब्यात परत भरतात. तुटलेलं तेवढं स्वतः खातात.

मी शौकतभाईंचा एक पॉइंट देणं लागतो.