समान संधीची एक रिक्त जागा

त्या वर्षी कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली आणि महाविद्यालयात समान संधी कक्ष निघाला. दोन्हींचा प्रादुर्भाव साधारण एकाच आठवड्यात लक्षात आला.

कक्षाला एक खोली, एक कुलूप आणि प्रा. शेषराव नावाचे एक समन्वयक मिळाले. खोलीत आधी क्रीडासाहित्य होतं. ते मुलींच्या विश्रामकक्षात हलवण्यात आलं आणि मुलींना व्हरांडा देण्यात आला. व्हरांडा सर्वांसाठी खुला असल्यामुळे ही कक्षाची पहिली कामगिरी म्हणून नोंदली गेली.

देऊळघाटच्या मदिहाला या घडामोडींची कल्पना नव्हती. वनस्पतिशास्त्राच्या परीक्षेत चौऱ्याऐंशी टक्के मिळवून ती महाविद्यालयात पहिली आली होती आणि सध्या अळ्या गोळा करत होती. तिचे वडील रहेमतुल्ला गाद्या भरायचे. गादीसाठी आलेल्या कापसात अळी सापडली की ते ती बाटलीत घालून लेकीसाठी ठेवायचे. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही असं सगळ्यांना सांगून झालं होतं. अळीला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. मदिहाच्या वहीत अळीच्या प्रत्येक अवस्थेचं चित्र होतं.

म्हणूनच महाविद्यालयात बियाणे व कीड तपासणी केंद्र निघालं आणि दोन प्रशिक्षणार्थी घेऊन वर्षानं त्यांना कायम करणार असं कळलं, तेव्हा तिनं त्याच दिवशी अर्ज टाकला. एक जागा खुली होती, एक समान संधीची.

शेषरावांनी तिला बोलावलं.

"गुणवत्ता यादीत तुझं नाव पहिलं आहे. अभिनंदन. त्यामुळे तुझा विचार समान संधीच्या जागेसाठी केला आहे."

"सर, पह्यला नंबर माह्या हाये, तं खुल्या जागेवर काऊन नाही?"

"खुली जागा सगळ्यांसाठी असते."

"मंग मी सगळ्यायत नाही का?"

शेषरावांनी चष्मा पुसला. "तू विशेष आहेस. तुझ्यासाठी स्वतंत्र जागा असताना तू इतरांच्या जागेवर बसलीस, तर इतरांवर अन्याय होईल."

इतर म्हणजे ऋत्विक. संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांचा तो पुतण्या. त्याच्यावरचा संभाव्य अन्याय त्याच दुपारी टळला.

समान संधीच्या जागेसाठी चार अर्ज होते. कक्षानं वंचिततेचं गुणपत्रक तयार केलं. मुलगी असल्याचे दहा गुण, मुसलमान असल्याचे दहा, पिंजारी म्हणून मागासवर्गाचे दहा, खेड्यातून एसटीनं येण्याचे पाच. मदिहा इथंही पहिली आली. पण शेवटचा रकाना होता, 'उमेदवारास यापूर्वी संधी मिळाली आहे काय?' शेषरावांनी 'होय' लिहिलं आणि एकूण गुण शून्य केले.

"मले कोणती संधी भेटली, सर?"

"संधी मिळाल्याशिवाय चौऱ्याऐंशी टक्के पडतील का? ज्याला मिळाली त्याला पुन्हा देणं हा संधीचा अपव्यय आहे."

"म्हणजे कमी पडले असते तं बसली असती मी?"

"कमी पडले असते, तर किमान पात्रतेत बसली नसतीस," शेषराव मायेनं म्हणाले. उरलेले तिघं नेमके तिथंच बाद झाले होते.

सबब, पात्र उमेदवार उपलब्ध नसल्यानं जागा रिक्त राहिली. रिक्त जागा नियमानुसार खुली झाली. खुल्या जागेवर उपाध्यक्षांची मुलगी डिंपल आली आणि कक्षानं स्त्री-पुरुष समानता पन्नास टक्के साधल्याचं कळवलं.

मदिहानं घरी येऊन झालेलं सगळं सांगितलं. रहेमतुल्लांनी पिंजणयंत्र बंद केलं.

"मी उद्या येऊन बोलू का, बेटा?"

"तुमी काय बोलसान त्यायच्याशी?" तिची आई इमामबी म्हणाली. "पोरी, तू त्यायले लिहून माग. काऊन नाही घेतलं ते कागदावर दे म्हणा."

तिनं लिहून मागितलं. बावीस दिवसांनी जावक क्रमांकासह पत्र आलं आणि त्यासोबत निमंत्रणही. मूल्यांकन समिती येणार होती; लाभार्थी म्हणून मदिहानं मनोगत व्यक्त करायचं होतं. कक्षाकडे दुसरा लाभार्थी नव्हता.

"पण मले लाभ काय झाला, सर?"

"कक्षानं तुला तीनदा बोलावलं. त्यात दोनदा बसायला खुर्ची दिली."

समितीपुढे मदिहा उभी राहिली. तिनं मनोगत वाचलंच नाही. कक्षाचं पत्र काढलं आणि जावक क्रमांकापासून वाचलं. "सदर उमेदवार गुणवत्तेत प्रथम असल्याने समान संधीस पात्र नाहीत व समान संधीच्या प्रवर्गातील असल्याने खुल्या जागेस पात्र नाहीत. तरी कक्ष त्यांच्या उज्ज्वल भवितव्यासाठी कटिबद्ध आहे."

ती थांबली. आता कोणीतरी खाली मान घालेल, कोणीतरी ओरडेल, असं तिला वाटलं होतं.

टाळ्या पडल्या. समितीचे अध्यक्ष भारावून शेषरावांकडे झुकले. "मुसलमान असून मराठी किती शुद्ध!" महाविद्यालयाला अ श्रेणी मिळाली.

डिसेंबरात शेतकरी बोंडं घेऊन तपासणी केंद्रात येऊ लागले. ऋत्विकनं ती भिंगाखाली धरली आणि दवाचा परिणाम असल्याचं सांगितलं. देऊळघाटचे उकंडराव तिथून थेट रहेमतुल्लांच्या गादीच्या दुकानात आले. मदिहानं बोंड चिरलं, आतली अळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"काका, आता पाणी देऊन पीक लांबवू नोका. पऱ्हाटी उपटून टाका, नाही तं ही पुढच्या वर्षीले राह्यते."

"हे तं त्या सायबानं सांगतलंच नाही वं माय!"

आठवडाभरात दुकानात गाद्यांपेक्षा बोंडं जास्त झाली. मग एके दिवशी ऋत्विकही गाडीवर आला, बाटल्यांची पिशवी घेऊन. "मदिहा, एवढ्याईचे नावं लिहून दे ना. मले तं सगळ्या सारख्याच दिसून राह्यल्या."

तिनं पिशवी परत करायला हात उचलला. मग बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या दिसल्या: कोणाचं शेत, कोणतं गाव. तिनं खाली बसून सगळी नावं लिहिली. अहवाल ऋत्विकच्या सहीनं गेले आणि वर्षानं तो कायम झाला. मदिहा अजून अर्ज करते. दुकानात एक टेबल आता तिचं आहे.

ही हकीकत मी पुष्कळ भल्या माणसांना सांगितली. सगळे हळहळले. मग प्रत्येकानं आवाज खाली आणून विचारलं, चौऱ्याऐंशी टक्के खरंच होते का हो, की त्यांना काही सवलत असते?

ऋत्विकला किती टक्के होते, हे एकानंही विचारलं नाही. इथवर वाचताना तुम्ही विचारलं होतं का?