धोकाग्रस्त व्यक्ती : एक

अर्जातला रकाना सहा कोरा राहिल्यामुळे फांदीची छाटणी मंजूर होऊ शकली नाही.

फांदी वाळलेली होती, मांडीएवढी जाड होती आणि कार्यालयाच्या आवारात लोक नंबर येईपर्यंत ज्या बाकावर बसतात, नेमकी त्याच्याच वर होती. छाटणीवाल्या बाईंनी चढून, ठोकून पाहून लेखी कळवलं होतं : आतून पोकळ आहे. रीतसर उतरवली तर डोकी वाचतील, खिडकीत ऊन येईल, भिंतीची ओल जाईल. काम वीस मिनिटांचं.

"पण धोका कोणाला?" साहेबांनी विचारलं. "रकाना सहा. धोकाग्रस्त व्यक्ती."

"रोज चाळीस माणसं बसतात की खाली!"

"ती रोज बदलतात हो, बाई. धोक्याला सातत्य लागतं."

सातत्यासाठी नानांची नेमणूक झाली. नाना तिथले शिपाई. निवृत्तीला चार महिने, डोक्यावर पूर्ण टक्कल. त्यांनी दहा ते पाच फांदीखाली बसायचं आणि दर तासाला वहीत लिहायचं : ‘फांदी वर. मी खाली.’

"अहो, पण पडली तर?" डबा भरता भरता बायकोने विचारलं.

"तर रकाना भरेल. तू डबा भर."

रकाना ६ : एक.
रकाना ७, संरक्षक साधने : हेल्मेट दिले.
शेरा : हेल्मेटमुळे धोका घटल्याचे दिसते. प्रस्ताव परत.
रकाना ७, सुधारित : हेल्मेट काढून घेतले.
शेरा : शिपाई सारखा वर बघतो. सावध माणसास धोका कमी. वर न बघण्याची समज द्यावी.

समज दिली. नाना मान खाली घालून बसू लागले. नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलेली, त्यामुळे वेगळं प्रशिक्षण लागलं नाही. वर फांदी करकरली की मान आणखी खाली जायची. वहीत मात्र तेच. फांदी वर. मी खाली.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मंजुरी आली. बाई दोर, कमरेचा पट्टा आणि करवत घेऊन हजर झाल्या. आदेशात एकच अट : छाटणीच्या वेळी फांदीखाली कोणी नसावे.

"नाना, उठा."

"उठलो तर धोका संपला. धोका संपला की मंजुरी रद्द."

"आणि बसून राहिलात तर?"

"तर तुम्हाला कापता येत नाही."

बाईंनी आधी साहेबांच्या खिडकीकडे पाहिलं, मग नानांच्या टकलाकडे.

"चहाची नोंद करता का हो वहीत?"

"चहाला रकाना नाही."

"मग बाकावरच्या सगळ्यांना घेऊन चहाला जा. फुंकर मारत मारत प्या."

वीस मिनिटांत फांदी दोरावरून अलगद उतरली, झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तशी. खिडकीत ऊन आलं; आपलं टेबल हिरवं आहे हे साहेबांना त्या दिवशी कळलं. आठवड्यात भिंत वाळली, लिपिकांचा खोकला पळाला. नानांनी टक्कल चाचपलं आणि वहीत लिहिलं : ‘फांदी खाली. मी उभा.’

"एवढं करकरत होतं, तरी बसत होतात तुम्ही?" बाईंनी बाकावरच्या एका आजोबांना विचारलं.

"त्यात काय? इथलाच माणूस दिवसभर खाली बसतोय म्हटल्यावर भीती कसली!"

हा अभिप्राय साहेबांना फार आवडला. तीन महिने, रोज चाळीस माणसं, तक्रार शून्य. इतका अनुभवी धोकाग्रस्त वाया घालवणं बरं नव्हे, म्हणून उरलेल्या महिन्यासाठी नानांची बदली लिफ्टमध्ये झाली. लिफ्टची तार झिजली आहे आणि तिथलाही रकाना सहा कोरा होता. साहेब तब्येतीसाठी जिना चढतात.

परवा तुम्ही घाईघाईने आत शिरलात. वर काहीतरी करकरलं. तुम्ही क्षणभर थबकलात, मग मान खाली घालून स्टुलावर बसलेले नाना दिसले आणि निर्धास्त होऊन म्हणालात, "तिसरा मजला, नाना."